रिकामी टाकी

आमच्या मंगळवार पेठेत भित्र्या माणसाला कुणी धड चहासुद्धा विचारत नाही. पंचगंगेला पूर आला की तालमीची पोरं पुलावरून उड्या टाकणार, आणि कुणी बुडताना दिसला की मागचापुढचा विचार न करता त्याच्यामागे झेप घेणार. आमच्या वडिलांनी, आबांनी, तरुणपणी असंच दोघांना ओढून काढलं होतं. ती गोष्ट ऐकल्याशिवाय आमच्या घरातून पाहुणा सुटत नसे.

माझा थोरला भाऊ त्याच तालमीत वाढला आणि नव्वदच्या दशकात कोकणातल्या एका बंदरावर नोकरीला लागला. जहाजांतून उतरणारी रसायनं तिथं मोठमोठ्या टाक्यांत साठवत. टाकी रिकामी झाली की माणसं आत उतरून ती धूत. यात कुणाच्या जिवाला धोका होऊ नये हे बघणं दादाचं काम. सुट्टीला आला की रश्श्यात भाकरी चुरता चुरता तो सांगायचा, "भरलेल्या टाकीला माणूस भितो तरी, आबा. रिकामी लई वाईट. आत वायू साचलेला असतोय, वास न्हाय, काय न्हाय. आत कोण पडला तर मागनं जायचं न्हाय. आधी मुखवटा, हवेचा सिलिंडर, कमरेला दोर. एक गेला तर एकच जाऊ दे."

आबांना हे बोलणं मुळीच पटत नसे. "ही कसली रं शिकवण?" म्हणत ते पानावरून उठायचे.

मग ते घडलं. कसबा बावड्याचा एक तरुण दादानंच तिथं कामाला लावला होता. पडलेली बादली काढायला तो कुणाला न विचारता टाकीत उतरला आणि तळाशीच कोसळला. त्याचे दोन सोबती मागोमाग निघाले. दादा टाकीच्या तोंडाशी आडवा आला, एकाला तर कुस्तीतल्यासारखी मानेला मिठी घालून धरून ठेवलं. मुखवटे चढवून माणसं खाली पोचेपर्यंत उशीर झाला होता. ते दोघे मात्र वाचले.

अंत्यविधीला दादा आला. परतल्यावर पाय धुवून तो सोप्यात टेकला, तेव्हा आबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "माणूस आत मरत हुता, आन् तू भायेर हुबा हुतास?"

"व्हय," दादा म्हणाला. "त्यामुळं दोघं जगली."

"माझ्या पोटी असला जन्मंल वाटलं नव्हतं."

गल्लीत कुजबूज सुरू झालीच होती, आता तिला घरचाच दुजोरा मिळाला. मला त्या सगळ्या गल्लीचा संताप आला, आणि तो अजूनही गेलेला नाही. दादाचं घरी येणं कमी झालं. आला तरी चौकातून न येता मागच्या बोळानं यायचा.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका टाकीत एक कामगार पडला. मुखवटे आणायला माणूस धावला होता, थोडाच वेळ थांबायचं होतं. या वेळी दादा थांबला नाही. इतरांना हातानं मागं सारून तो तसाच आत गेला. दोघांनाही मेलेलंच बाहेर काढलं.

तालमीनं चौकात त्याचा भलामोठा फोटो लावला, खाली "शूरवीर" लिहिलं. माणसं आबांना म्हणाली, पोरानं नाव काढलं. आबा स्टूल घेऊन गेले आणि तो फलक उतरवून आले. त्या दिवसापासून पाहुण्यांना ती जुनी गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही.

पुढचा पूर आला तेव्हा आबा दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून घाटावर जाऊन बसले. उडी टाकायला निघालेल्या प्रत्येकाला अडवू लागले. "आधी दोर बांध. मागनं पळू नगंस. एक गेला तर एकच जाऊ दे."

एक पोरगा हसून म्हणाला, "म्हातारं घाबरलं की!"

आबांनी त्याच्या कमरेला गाठ मारली, ओढून बघितली.

"व्हय," ते म्हणाले, "घाबरलोय."