जाऊबाईंचा गोडवा

कर्करोगाची गाठ काढून मी पुण्याच्या दवाखान्यातून परत आले तेव्हा माझा उजवा स्तन तिथेच राहिला होता, आणि इकडे घरी जाऊबाईंची जीभ हरवली होती. पहिल्याचं दुःख मी तिथल्या खाटेवर पडून रडून घेतलं होतं. दुसऱ्याची मला कुणी कल्पनाच दिली नव्हती.

आम्ही दोघी अवसरीच्या एकाच घरात दिलेल्या. बारा वर्षं एका जात्याला बसलो आणि बारा वर्षं भांडलो. खुंटा कोण ओढतं आणि कोण नुसता धरून बसतं इथपासून सुरुवात व्हायची, मग एकमेकींची माहेरं निघायची. आता मात्र त्या मला ‘बस गं, दमशील’ म्हणत. दुधावरची साय माझ्या वाटीत पडे. मी एकदा मुद्दाम आमटी खारट केली, तर बाईंनी ती दोनदा वाढून घेतली.

चोळीची वेगळीच तऱ्हा. एक बाजू रिकामी, त्यामुळे पुढची गाठ घसरून काखेकडे जाई. कापूस भरला तर तो गळ्याशी चढे. वजन हवं म्हणून मी बाजरीची पुरचुंडी करून आत घातली. ती नेमकी उसवली, आणि शेजारणींच्या देखत अंगणातल्या सगळ्या कोंबड्या माझ्या मागे लागल्या. मला हसू आवरेना. पूर्वीच्या जाऊबाईंना ही गोष्ट वर्षभर पुरली असती. पण त्यांनी गुपचूप कोंबड्या हाकलल्या आणि डोळ्याला पदर लावला. तेव्हा मला उमगलं. या बाई मला मेलेलीच धरून चालल्या होत्या. घरातलं माणूसच असं वागू लागलं, तर मी जगायचं कुणाच्या भरवशावर?

हात रोज हलव, नाहीतर आखडेल, असं पुण्याच्या मडम डॉक्टरणीने बजावलं होतं. म्हणून मी हट्टाने पुन्हा जात्याला बसले. जातं सुरेख फिरलं. हातात पूर्वीचं बळ आलं म्हणून मी आठ दिवस खुशीत होते. नवव्या दिवशी पदर सावरायला खुंट्यावरचा हात काढला, तरी जातं तसंच फिरत राहिलं. जाऊबाई घामाघूम होऊन एकट्याच ओढत होत्या.

“तुमी मला फशिवता व्हय?” मी म्हणाले.

“फशिवू कशाला? तुज्याच्यानं हुत न्हाई, म्हून...”

“मग तसं बोला की. पयल्यावाणी बोला. छाती कापली तवा दुखलं न्हाई येवढं तुमचं ह्ये गोड बोलणं दुखतंय.”

जातं थांबलं. त्या हाताने पीठ गोळा करू लागल्या.

“मला लई भ्या वाटतं,” त्या म्हणाल्या. “तुला गाडीत घालून न्हेलं, त्याच्या आदल्या दिशी मी तुला वंगाळ बोलले व्हते. तू माघारी आली नसतीस तर त्योच माजा शेवटचा सबूद झाला असता. आता तोंड उघडाया जीव धजत न्हाई.”

बारा वर्षांत मला त्यांची इतकी माया कधी वाटली नव्हती. मी मरणार नाही असं सांगावं, तर ते माझ्या हाती कुठे होतं?

“मी कवा मरंन ते मला ठावं न्हाई, जाऊबाई. पर तवर मला जित्या माणसावाणी वागवा.”

त्यांनी नाक पुसलं, जात्यात मूठभर दाणे टाकले आणि खुंट्यावरचा स्वतःचा हात काढून घेतला. “मग वढ.”

मी ओढला. काखेतून कळ गेली. जातं कसंबसं अर्धा फेरा फिरून अडलं.

“ह्याला दळण म्हनत्यात?” जाऊबाई कडाडल्या. “तुज्या आईनं तुला नुसतं गिळायला शिकिवलं जनू.”

मला आनंदाने रडूच आलं, पण वेळ न दवडता मीही त्यांच्या आईला मध्ये ओढलं. आमचा आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या आणि कपाळाला हात लावून आल्या पावली परत गेल्या. भांडता भांडता जाऊबाईंनी खुंटा धरला, पण या वेळी जोर अर्धाच लावला. उरलेला मला लावावा लागला.