मुसवा दाई

छत्तीसगढमधल्या आमच्या संशोधन केंद्रात मराठी फक्त उंदरांशी बोलली जायची. बाकी सगळा कारभार हिंदीत. प्राणीघर सांभाळणारी बाई सकाळी दार उघडताच पिंजऱ्यांना म्हणायची, "उठा रे बाबूहो, पानी बदलून राहिली मी." मी त्याच शहरातल्या सेक्टर दोनमधली, घरी सगळे भंडाऱ्याकडचं बोलणारे. मला हसू आलं. तिनं वळून पाहिलं. "तू आपली होय? मंग इतके दिवस हिंदी कावून झाडून राहिली?" तेव्हापासून ती माझी मावशी झाली. बाकीची मुलं तिला मुसवा दाई म्हणत, छत्तीसगढीत उंदरांची आई.

मावशी वासाचं तेल लावत नसे. थंडीत उंदीर उचलण्याआधी दोन्ही तळवे चोळून गरम करी. ज्या दिवशी उंदीर मारून त्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, काढायची, त्या दिवशी पिंजऱ्यातून तो तीच बाहेर काढायची. "शेवटचा हात तरी वळखीचा असावा," म्हणायची.

त्या पानथरीतल्या बी पेशींवर माझं काम होतं. रोगाशी लढणाऱ्या या पेशींवर बाहेरचे संदेश टिपणाऱ्या ग्राहींची कुटुंबं असतात. काही पेशीला चेतवतात, काही आवरतात. लस टोचलेल्या आणि न टोचलेल्या उंदरांत कोणत्या कुटुंबाची जनुकं किती जागी असतात, ते मी मोजत होते. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे काही भडकावनारे, काही समजावनारे. आमच्या घरी पन असेच आहेत."

तिसऱ्या वर्षी न टोचलेल्या दोन उंदरांत आवरणारं एक कुटुंब भलतंच जागं दिसलं. सर खूश झाले, शोधनिबंध लिहायला घेतला. मी मावशीला पेढा द्यायला गेले. तिनं तो घेतला नाही. "कोन्ता पिंजरा?" "सातवा."

दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. "पिंजरे धुताना दोन उंदरं निसटले होते. सातव्यातले समजून त्याच्यात टाकले. आता मले खात्री नाही, लस टोचलेले बी असतील."

"कानाची खूण नाही पाहिली?"

"नाही पाहिली."

ती कंत्राटावर होती, नोकरी जाऊ शकत होती. तरी मी चिडून बोलले, "नसतं सांगितलं तर कोणाला कळलं असतं?"

"मले तर कळलंच होतं न," ती म्हणाली.

आम्ही दोघी सरांकडे गेलो. सरांनी शोधनिबंधाचे कागद बाजूला सारले. मग मला म्हणाले, "फिर से करो." मावशीची तक्रार वर केली नाही. पुन्हा करण्यात आठ महिने गेले आणि माझा शोध विरून गेला. जे उरलं ते साधं होतं, पण खरं होतं. पहिला आठवडा मी मावशीशी बोलले नाही. ती मात्र रोज माझ्याआधी येऊन प्रत्येक कान दोनदा तपासत होती. शेवटी मीच तिच्या शेजारी जाऊन बसले आणि खुणा लिहून घेऊ लागले.

माझा पीएच.डी.चा प्रबंध छापून आला तोवर मावशी निवृत्त होऊन स्मृति नगरला मुलाकडे राहायला गेली होती. मी एक प्रत घेऊन गेले. आभाराचं तेवढं एक पान मी मराठीत लिहिलं होतं. ती बोट ठेवून सावकाश वाचत गेली. आपल्या नावाशी थांबली, पुढची ओळ वाचली आणि वर पाहिलं.

"सातव्या पिंजऱ्याचं बी छापलं काय?"

"छापलं. चूक तूच येऊन सांगितलीस, तेही."

तिनं पान पुन्हा एकदा वाचलं. "बरं केलं," ती म्हणाली. "नुसतं नाव राहिलं असतं, त लोक म्हनले असते, चहा देत असन बिचारी."