बत्तीस मिलिमीटर पुढे

बाळांनो, हे आत्ताच लिहिते, कारण आकाशदर्शन मंडळाच्या अध्यक्षांनी गेल्या आठवड्यात तुमच्या आईला फोन करून मी हट्टी आणि मनात धरून बसणारी बाई आहे असं सांगितलं. दोन्ही खरं आहे. कारण मात्र त्यांनी सांगितलं नसणार.

तुमच्या आजोबांनी निवृत्तीनंतर ताऱ्यांचे फोटो काढायला आरशाची दुर्बीण घेतली. आखूड नळी, मोठा आरसा, प्रकाश भराभर गोळा करणारी. डोळ्यांनी छान दिसे, पण कॅमेरा लावला की सगळं धूसर. देवळालीच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी ती दोन मिनिटं पाहिली आणि माइकवरून म्हणाले, "काका फसले. आरसाच खराब. भंगारात द्या." लोक हसले. आजोबांनी दुर्बीण चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. पुढच्या वर्षी ते गेले.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी ती खाली काढली. मला ताऱ्यांचं वेड नव्हतं; माइकवर बोललेला तो माणूस खोटा ठरायला हवा होता. इंग्रजी लेख वाचले, वही केली. मग भर दुपारी नळी पांडवलेण्याच्या डोंगराकडे रोखली आणि डोळा लावायच्या जागी बटर पेपर धरला. डोंगराचं उलटं चित्र उमटलं, अगदी रेखीव. आरसा उत्तम होता. फक्त चित्र नळीच्या इतकं जवळ पडत होतं, की कॅमेऱ्याच्या पोटातल्या सेन्सरपर्यंत पोचत नव्हतं. आरसा बत्तीस मिलिमीटर पुढे घ्यायचा, एवढंच.

आरशाच्या स्क्रूंसाठी पुढे नवी भोकं पाडायला अंबडला पत्र्याची कामं करणाऱ्या कारागिराकडे नळी नेली. "मॅडम, चांगल्या नळीला भोकं पाडायची? घरी विचारलंय ना?"

"घरी मीच आहे."

त्याने ड्रिल लावलं. उजेड उसळू नये म्हणून आतून काळं मखमली कापड मी चिकटवलं. वह्यांना लावतात ती घरची खळ वापरली आणि पावसाळ्यात नळीभर मुंग्या झाल्या. सगळं उपटून पुन्हा केलं.

थंडीत गच्चीवरून मृग नक्षत्रातला तेजोमेघ टिपला आणि तो फोटो मंडळाच्या प्रदर्शनात नाव न घालता दिला. अध्यक्ष त्यापुढे उभे राहून सांगत होते, आरसा अव्वल असल्याशिवाय असा फोटो येत नाही. मी पुढे झाले.

"आरसा आमच्या ह्यांचा आहे. तुम्ही भंगारात द्यायला सांगितला होता तो."

ते हळूच म्हणाले, "काकू, काका आता नाहीत. जाऊ द्या ना."

"नाहीत म्हणूनच. तेव्हा माइकवर बोललात, आताही माइकवर बोला."

चूक झाली, असं ते बोलले, बारीक आवाजात. मी पुन्हा, मोठ्याने म्हणायला लावलं. कोणी हसलं नाही. मला फार बरं वाटलं आणि त्याची लाज आजही वाटत नाही.

आता त्यांना ती दुर्बीण मंडळाच्या खोलीत हवी आहे, आजोबांच्या नावाची पाटी लावून. मी नाही म्हटलं. तुमची आई देऊन टाक म्हणते, तिलाही नाहीच म्हटलं. दुर्बीण माझ्या खोलीत आहे, आरसा शाबूत आहे आणि माझा रागही.