नववीच्या वर्गात उडणारा माणूस

वर्ग घेऊन बाहेर पडलं की अंगावर खडूची धूळ येते, तसा एखादा किस्साही येतो. धूळ झटकता येते, किस्सा राहतो. ज्या वर्षी मी नववीला इंग्रजीच्या तासाला सुपरहिरोंची कॉमिक्स शिकवली, त्या एका वर्षाचे इतके किस्से माझ्याकडे साठलेत, की कोणी नुसतं "काय बाई, कसं काय?" विचारलं तरी मी सुरू होते.

आमचं हायस्कूल महाडकडच्या कापडे गावाच्या थोडं पुढे. मुलं आजूबाजूच्या वाड्यांवरून चालत येतात. इतर तासांना वर्ग डोक्यावर घेतील, पण इंग्रजीचा तास लागला की सगळ्यांच्या माना खाली. हे सगळं सुरू झालं त्या दिवशी धडा शौर्यावरचा होता. मी विचारलं, "हू इज अ हिरो?" माना आणखी खाली. म्हटलं, बरं, मराठीत सांगा.

मागच्या बाकावरून संकेत म्हणाला, "जो शेवटपर्यंत मरत नाय तो."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. धडा तिथेच संपला म्हणायचा!

* * *

मग मुलांच्या ह्या न मरणाऱ्या हिरोपासूनच सुरुवात करायची ठरवून इंग्रजी कॉमिक्स शोधायला मी महाडच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. स्टूल ओढून बसले आणि एकेक चाळायला लागले. दुकानदार थोडा वेळ बघत राहिला.

"मुलासाठी हवीत का?"

"नववीच्या वर्गासाठी."

"मग ही न्या. पानोपानी मारामारी हाय."

"मारामारी नको. हिरो हरतो, असं एखादं आहे का?"

तो म्हणाला, "बाई, हरणाऱ्यांची पुस्तकं कोण छापतंय?" पण मग काय वाटलं कोण जाणे, गठ्ठ्याच्या तळातून त्यानं एक ओढून काढलं. कव्हर फाटलेलं. "हे बघा. ह्याच्यात तो रडतो. म्हणून कोणी नेलं नाय."

मी तेच पहिलं उचललं.

* * *

आता परवानगी. आमचे मुख्याध्यापक शिस्तीचे. त्यांनी कॉमिक उघडलं, दोन पानं पाहिली, मिटलं.

"बाई, हा माणूस उडतो."

"हो सर."

"आपल्या शाळेला उडणाऱ्यांची गरज नाही. वेळेवर येणाऱ्यांची आहे."

तरी म्हणाले, ठेवून जा, तपासतो. मी आशा सोडली होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "परवानगी द्यायला हरकत दिसत नाही. पण ते अर्धवट संपतंय. पुढचा अंक तुमच्याकडे असेल, तर तोही तपासावा लागेल."

* * *

खरा विरोध उतेकर सरांचा. ते इतिहास शिकवतात. मूळचे पाचाडचे, गडाच्या पायथ्याशी वाढलेले. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला सरळ विचारलं, "रायगडाच्या सावलीत राहून हे बाहेरचे वीर कशाला आणताय?"

प्रश्न खरा होता. मी म्हटलं, "सर, एकदा वर्गात येऊन बसा."

ते आले. हाताची घडी घालून मागे बसले. त्या दिवशी मुलं कॉमिकमधला एक प्रसंग करून दाखवणार होती आणि खलनायकाचा आवाज कोणालाच जमत नव्हता. शेवटी मुली त्यांच्याकडे वळल्या, "सर, तुम्ही करा ना." सर नाही नाही म्हणत उठले. म्हणाले, "मी इंग्रजी बोलणार नाही. फक्त हसेन."

आणि हसले! पत्रे थरथरले. शेजारची आठवी दारात जमली. मुख्याध्यापक ऑफिसमधून धावत आले.

त्यानंतर उतेकर सरांचा विरोध तसाच होता, पण दर शुक्रवारी कॉमिकच्या तासाआधी ते विचारायचे, "आज माझं काही काम आहे का?"

* * *

त्या फाटक्या कॉमिकमध्ये एक पान असं होतं: एकीकडे खलनायक पळतोय, दुसरीकडे माणसांनी भरलेली बस ब्रेक निकामी होऊन उतारावरून सुटलीय. हिरो एकच. मी विचारलं, त्यानं काय करावं? उत्तर इंग्रजीतच द्यायचं.

पुढच्या बाकावरचा एक हुशार मुलगा उठला आणि छान वाक्यं जुळवून म्हणाला, आधी खलनायकाला पकडावं, नाहीतर तो आणखी माणसं मारील. मी "गुड" म्हणणार, तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला. संकेत उभा होता. वर्षभरात इंग्रजीचा एक शब्द न बोललेला संकेत. कान लाल झालेले.

"नो! बस फर्स्ट! पीपल हाय इन बस!"

वर्ग हसला नाही. मीही ते 'हाय' दुरुस्त केलं नाही. मला नाचावंसं वाटत होतं.

* * *

वर्षाच्या शेवटी मी प्रत्येकाला चार चौकटींचं कॉमिक काढायला सांगितलं. विषय, मी पाहिलेला हिरो. बोलणं इंग्रजीत. ती सगळी आम्ही व्हरांड्यात दोरीवर टांगली आणि पालकांना बोलावलं.

सायली नावाच्या मुलीनं तिच्या वडिलांना काढलं होतं. आदल्या पावसाळ्यात शाळेतून घरी जाताना ती ओढ्यात सापडली होती. पाणी अचानक वाढलं आणि मधल्या झाडाला धरून ती उभी राहिली. वडील एमआयडीसीतल्या ड्युटीवरून येत होते. त्यांनी मोटरसायकल टाकली, दोर कमरेला बांधला आणि पाण्यात उतरले. चौथ्या चौकटीत ते तिच्यापर्यंत पोचलेत आणि त्यांच्या तोंडातून बोलण्याचा फुगा निघालाय.

चित्रं बघायला तिचे वडील कंपनीच्या कपड्यांतच आले होते. त्यांनी एकेक करून चारही चौकटी पाहिल्या. मग फुग्यावर बोट ठेवून मला म्हणाले, "बाई, मी हितं काय बोलतोय?"

मी वाचून दाखवलं, "डोन्ट बी अफ्रेड. आय ॲम हिअर." आणि अर्थ सांगितला, घाबरू नकोस, मी आहे.

त्यांनी मान हलवली. "असं नाय बोललो मी." सायलीकडे वळून म्हणाले, "काय गो, असं बोललो व्हतो?"

सायली खाली बघत म्हणाली, "नाय."

"मी बोललो, हलू नको, मला पण भ्या वाटतंय."

सायलीनं माझ्याकडे पाहिलं. मग दप्तरातून खोडरबर काढलं, फुग्यातली पेन्सिलीची अक्षरं पुसली आणि मला विचारलं, "बाई, 'पण'ला इंग्रजीत काय म्हणतात?"