आईचा तोंड न झाकलेला फोटो

मंडळी, आई गेली त्याला आज पाच दिवस झाले. दहाव्याच्या बॅनरसाठी फोटो द्यायला सकाळी काकीला घेऊन पोलादपूरच्या स्टुडिओत गेलो होतो.

मोबाइलमधले फोटो एकेक करून दाखवले. गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक फोटोत आईच्या तोंडावर पदर. मी म्हटलं, "लाजायची ती."

काकी म्हणाली, "लाजायची नाय रे. तू बसवलेल्या दातांपायी झाकायची."

आईचे पुढचे दोन दात पडले तेव्हा मीच तिला महाडला दातांच्या डॉक्टरांकडे नेऊन ब्रिज, म्हणजे पक्का बसणारा कृत्रिम दातांचा जोड, बसवला होता. जन्मभर मिश्री लावून तिचे दात तपकिरी झालेले. डॉक्टर म्हणाले, बाकीच्या दातांना जुळेल असा रंग घेऊ. मला पटलं नाही. नवे दात नवे दिसायला नकोत? सगळ्यात पांढरा रंग मी निवडला. आईला विचारलंसुद्धा नाही.

काकीने आज सांगितलं, वाडीतल्या बाया पाणवठ्यावर हसल्या, "खडू चावलास काय गो?" तेव्हापासून पदर. मला कधी बोलली नाही. लेकाने हौसेने केलेले दात ना!

शेवटी ब्रिजच्या आधीचा एक फोटो सापडला. पुढचे दात नाहीत आणि आई खळखळून हसतेय.

स्टुडिओवाला म्हणाला, "दात बसवून देतो कंप्युटरवर. कळणार पण नाय."

म्हटलं, "नको. तसाच राहू दे."

तुमच्या घरात कोण तोंड झाकून हसतं? का, ते विचारलंय कधी? मी तीन वर्षं 'लाजते' म्हणून मोकळा झालो होतो.