टेकडीवरचे सात कबुतरखाने

ती व्हिला मी कधी पाहिली नव्हती आणि वर्गातल्या बाकी सगळ्यांनी पाहिली होती. अडचण एवढीच होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पुण्यात आर्किटेक्चर करून मी न्यूयॉर्कला वास्तुकलेचा इतिहास शिकायला आले होते. राहायला जर्सी सिटीत, नागपूरहून केमिस्ट्रीसाठी आलेल्या एका मुलीबरोबर. प्रबंधाला मी निवडली होती इटलीतल्या एका कार्डिनलच्या, म्हणजे बड्या धर्मगुरूच्या, घराण्याची व्हिला. मुळात तो शिकारीसाठी बांधलेला ठोकळेबाज बुरूज. काकानं त्याला दोन्हीकडून नव्या इमारती जोडल्या, पुतण्यानं टेकडी कापून टप्प्याटप्प्यांची बाग केली आणि प्रत्येक टप्प्यावर कारंजी उडवली. पुढच्यांनी फॅशन बदलली म्हणून रेखीव कापलेली झुडपं उपटून हिरवळ लावली. एकमेकांची कामं बिघडवता बिघडवता त्या घराण्यानं काहीतरी फार सुंदर करून ठेवलं होतं. लायब्ररीतल्या लायब्ररीतच मी तिच्या प्रेमात पडले.

आमचे प्रोफेसर अतिशय सभ्य. न पाहिलेल्या जागेवर लिहिण्यापेक्षा मी माझ्याकडची देवळं घ्यावीत, असं त्यांनी सभ्यपणेच सुचवलं. मला सणसणीत राग आला. देवळांनी माझं काही बिघडवलं नव्हतं. पण वर्गातल्या आयोवाच्या मुलानं इटलीवर लिहायचं आणि मी मात्र माझ्या गावावर, हा कुठला न्याय? मी हट्टाला पेटले. शेवटी ते म्हणाले, पाहून आलेल्यांना न दिसलेली एक तरी गोष्ट या सेमिस्टरमध्ये दाखवा. नाहीतर विषय बदलायचा.

व्हिलाच्या एका जुन्या चित्राची झेरॉक्स मी शेगडीच्या वरच्या भिंतीवर चिकटवली आणि रोज पोळ्या करताना बघत बसले. बागेच्या वर, उतारावर, एका सरळ रेषेत सात छोटे चौकोनी मनोरे होते. झाडून सगळ्या पुस्तकांत त्यांना कबुतरखाने म्हटलेलं. एक दिवस पोळी करपली, कारण मला ते ओळखीचे वाटले. कबुतरांना कधीपासून एवढी शिस्त आली?

पुण्यात कात्रजहून जमिनीखालून पाणी आणलं होतं, त्याच्या वाटेवर असेच मनोरे आहेत. आत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून बांधलेले. आम्ही त्यांना उच्छ्वास म्हणतो. लहानपणी मी त्यांच्या भिंतीला कान लावून पाणी ऐकायची.

"अगं, पण तू बघितलंच नाहीयेस ते," नागपूरची म्हणाली. "नुसत्या फोटोकॉपीवर एवढा मोठा क्लेम? प्रूफ कुठंय यार?"

मी बाबांना पत्र लिहिलं, आपले उच्छ्वास किती किती अंतरावर आहेत ते कळवा. बाबा शाळेतून रिटायर झालेले गणिताचे मास्तर. तीन आठवड्यांनी त्यांचं उत्तर आलं. दोन-दोन उच्छ्वासांमधली अंतरं पावलांनी मोजून त्यांनी नीट आकृती काढली होती. खाली लिहिलं होतं, 'एका बाईंनी विचारलं, काका, काही हरवलंय का? म्हटलं, नाही, मुलीचा अभ्यास आहे.' मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले.

सेमिनारमध्ये मी व्हिलाचं चित्र आणि बाबांची आकृती शेजारी शेजारी लावली: दोन्हीकडे मनोरे एका ओळीत, ठरावीक अंतरावर. कारंज्यांना पाणी कुठून येत होतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते या मनोऱ्यांखालून येत असणार, असं मी ठणकावून सांगितलं. प्रोफेसर उठून आकृतीजवळ आले. ही मापं कुणी घेतली, असं त्यांनी विचारलं. "माझ्या वडिलांनी, चालत," मी म्हटलं. कुणीतरी हसलं. प्रोफेसर हसले नाहीत. उन्हाळ्यात मी तिकडे जाणारच आहे, तेव्हा बघतो, म्हणाले. तोवर निर्णय नाही.

जून कसा गेला ते मला विचारू नका. देवळांवरची दोन पुस्तकं मी आणून ठेवली होती आणि उघडायला तयार नव्हते.

जुलैच्या उकाड्यात प्रोफेसरांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर बारीक. सातही मनोऱ्यांना कान लावून पाहिला, असं त्यांनी लिहिलं होतं. माळी त्यांना पोटभर हसला. सहा मनोऱ्यांत कबुतरंच आहेत, पण त्यांनी नंतर घर केलंय. सातव्यात, तळाशी, पाणी अजून वाजतंय. विषय तुमचाच.

नागपूरचीनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "म्हणजे सातात एक? तेवढ्यावर पास?"

"तेवढ्यावर पास!" मी ओरडलेच. इतका आनंद मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नाही. टाय लावून फिरणारा तो सभ्य माणूस, परक्या टेकडीवर गुडघे टेकून भिंतीला कान लावून बसला होता.

कार्डावर कडेला, जागा उरली नव्हती तिथं आडवी एक ओळ होती: 'तुमच्या वडिलांना कळवा.' मी त्याच संध्याकाळी पत्र टाकलं.