मधल्या मावशीने साखर घालणं सोडलं

मधल्या मावशीचं लग्न झालं तेव्हा तिला सासरच्या भाषेतलं एकच वाक्य येत होतं, आणि तेही काकांनी थट्टेत चुकीचं शिकवलेलं. ‘जेवण छान झालंय’ असं म्हणते आहे या समजुतीत ती चार दिवस सासूबाईंना ‘मला भूक नाही’ असं सांगत होती आणि सांगता सांगता ताट चाटूनपुसून साफ करत होती. पाचव्या दिवशी सासूबाईंनी काकांना विचारलं, “हिचं पोट ठीक आहे ना रे? भूक नाही म्हणते आणि दोन माणसांचं जेवते!” काका हसून लोळले. मावशीला खरं कळलं तेव्हा तिने काकांशी दोन दिवस अबोला धरला, आणि मनाशी ठरवलं, ही भाषा मी शिकणार, आणि या माणसाकडून शिकणार नाही.

मग ती शिकली सासूबाईंकडून, स्वयंपाकघरात. झाकण लाव, गॅस कमी कर, हात धू, हळू बोल. अशी सगळी आज्ञांचीच भाषा. त्यामुळे सुरुवातीला शेजारीण आली की मावशी दार उघडून हसतमुखाने म्हणायची, “ये! बस! खा!” आणि निघताना, “ऊठ! जा!” शेजारीण मोठ्या मनाची होती म्हणून येत राहिली. पण दोन-तीन वर्षांत मावशी ती भाषा इतकी चुरुचुरु बोलायला लागली, की फोनवर बोलताना पलीकडच्याला तिचं माहेर दुसऱ्या भाषेतलं आहे याचा पत्ता लागत नसे.

पंचाईत होती ती दोघी विहिणींची. मावशीची आई, म्हणजे माझी आजी, बसने काही तासांवरच्या गावात राहायची. ती वर्षातून तीन-चार वेळा लेकीकडे यायची. तिला सासरच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि सासूबाईंना आपल्या भाषेतलं. काका अशा वेळी नेमके कुठल्या तरी इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेलेले असायचे. तेच त्यांचं काम होतं आणि ते त्यांना फार सोयीचं पडायचं. मग दोघींच्या मधे मावशी.

दोघीही तोंडाने फटकळ, हे मी आधीच सांगायला हवं होतं. आजी सोफ्यावर टेकली की म्हणायची, “यांना सांग, बस स्टँडचा बाक बरा यापेक्षा.” मावशी सासूबाईंकडे वळून म्हणायची, “आई म्हणतेय, बैठक पाठीला चांगली आहे हो.” सासूबाई म्हणायच्या, “तुझ्या आईला विचार, लेकीला भात करपवायला मुद्दाम शिकवलं का आपोआप आलं?” मावशी आजीला सांगायची, “त्या म्हणताहेत, माझ्या हाताला तुझीच चव आहे.” दोघी एकमेकींकडे बघून मान डोलवायच्या. आणि मावशीचा चेहरा असा, की जणू शब्दाला शब्द सांगितलाय.

ही साखरपेरणी वीसेक वर्षं चालली. परिणाम असा झाला की दोघींना एकमेकींचा भयंकर कंटाळा यायला लागला. आजी घरी परत आली की माझ्या आईला म्हणायची, “विहीणबाई गोड आहेत, नाही असं नाही. पण नुसतं साखरेचं पोतं. काहीही म्हणा, छान छान. बाईला स्वतःचं म्हणून मत नाही.” आणि पलीकडे सासूबाई काकांना अगदी हेच सांगत असायच्या.

मावशी तेव्हा चपलांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. दुकान बंद पडलं, मुलगी शिकायला परगावी गेली, आणि मावशी घरात नुसती फर्निचर पुसत बसायला लागली. तेव्हा शेजारणीनेच, त्याच ‘ये, बस, खा’वाल्या, तिला भाषांतराच्या कंपनीचा पत्ता दिला. बेकरीच्या वर दोन मजले होते त्यांचे. एका मजल्यावर लांबलचक टेबलांवर बसून लोक औषधांची माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, हॉटेलांच्या वेबसाइटी या भाषेतून त्या भाषेत करायचे. वरच्या मजल्यावर छोट्या छोट्या केबिन, भिंतींना स्पंज लावलेला, आणि आत हेडफोन घातलेली माणसं. जगात कुठल्याही देशातल्या दवाखान्यात, बँकेत, शाळेत एखादा माणूस आपली भाषा घेऊन अडकला, की तिथून इथे फोन यायचा आणि यांनी मधे राहून दोघांचं बोलणं करून द्यायचं. बेकरीमुळे सगळ्या इमारतीत सकाळपासून गरम पावाचा वास. मावशी म्हणाली, “मी तर वासावरच हो म्हटलं.”

पण हो म्हणणं कंपनीच्या हातात होतं. परीक्षा घेणारी बाई उंच, बारीक आणि कडक. तिला सगळे पाठीमागे ‘छडी’ म्हणायचे. तिने खोटा खोटा फोन लावला. घरमालक ओरडून भाडेकरूला म्हणतो, “उद्या सकाळी खोली खाली कर, नाहीतर सामान रस्त्यावर फेकीन!” मावशीने वीस वर्षांच्या सरावाने भाषांतर केलं, “ते म्हणताहेत की तुमच्या सोयीने जागेचा काही विचार झाला तर बरं होईल.”

छडीने हेडफोन काढून ठेवला. “अहो बाई, तो भाडेकरू आता शांतपणे पंखा लावून झोपेल. सकाळी त्याचं सामान रस्त्यावर आणि तो पायजम्यात! कुणामुळे?”

“पण भांडण वाढलं असतं,” मावशी म्हणाली.

“वाढू दे. भांडण त्यांचं आहे, तुमचं नाही.”

तरी छडीने तिला घेतलं, कारण दोन्ही भाषा तिच्याइतक्या सहज बोलणारं दुसरं कुणी मिळत नव्हतं. पण आधी तालीम. त्यातला पहिला नियम, बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. ‘ते म्हणताहेत की’ बंद. माणूस ‘मी पडलो’ म्हणाला तर मावशीनेही ‘मी पडलो’ म्हणायचं. याची तिला इतकी सवय लागली की संध्याकाळी घरी येऊन पर्स टाकून म्हणायची, “आज मी फार दमलो.” काका म्हणायचे, “या, बसा भाऊसाहेब, पाणी आणू का?”

दुसरा नियम जास्त जड होता. घालायचं नाही, काढायचं नाही, गोड करायचं नाही.

तिला तो नियम खरा पटला एका दुपारच्या फोनने. फोन करणाऱ्याचं नाव-गाव काही तिने सांगितलं नाही, ते सांगायचं नसतंच. कुठल्या तरी दूरच्या देशात, लेकाकडे राहायला गेलेले एक आजोबा दवाखान्यात होते. साखरेमुळे पायाची जखम चिघळलेली. डॉक्टर सरळ म्हणाला, “अंगठा काढावा लागेल. आज नाही काढला तर पुढच्या आठवड्यात पाय काढावा लागेल.” मावशीच्या जिभेवर ‘काळजी करू नका हं’ येऊन थांबलं होतं. तिने ते गिळलं आणि जसंच्या तसं सांगितलं.

मग आजोबांनी डॉक्टरला जे काही सुनावलं! तू डॉक्टर की खाटीक, तुझा अंगठा काढतो आधी, इथपासून सुरू झालं ते डॉक्टरच्या केसांच्या भांगापर्यंत गेलं. मावशीने डोळे मिटले आणि एकेक शब्द तिकडे पोचवला, त्याच सुरात. “तू डॉक्टर आहेस की खाटीक?” असं ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या केबिनमधला माणूस काचेतून बघायला लागला.

डॉक्टर रागावला नाही. म्हणाला, “भांगाचं माझी बायकोही म्हणते.” हे भाषांतर ऐकून आजोबांना हसू फुटलं, आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, “मला चालता येईल का? सकाळी नातीला शाळेत मी सोडतो.” डॉक्टर म्हणाला, सुरुवातीला काठी लागेल, मग सवय होईल, नातीला जरा हळू चालायला सांगा. आजोबांनी होकार दिला. फोन ठेवण्याआधी ते मावशीला म्हणाले, “बाई, तुमचा आवाज चांगला खणखणीत आहे.” नियमाप्रमाणे तिने हेही डॉक्टरला भाषांतर करून सांगितलं.

त्याच दिवशी आजी आली होती, आणि सामान उचलायला सोबत मी. आम्ही तिघी टेबलाशी बसलो होतो तेवढ्यात मावशी कामावरून आली. हेडफोनने केस मधेच चपटे झालेले, कान लाल. हातपाय धुऊन चहा घेऊन ती नेहमीच्या खुर्चीत, दोघींच्या मधे बसली. आजीने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून पुढे सरकवला. दर खेपेला ती हाच डबा आणायची.

सासूबाईंनी एक बिस्किट उचललं, बघितलं आणि काहीतरी पुटपुटल्या.

मावशी आजीकडे वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “मला तुमच्या बिस्किटांना खोक्याची चव लागते. वीस वर्षं लागतेय.”

म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय केलं. तिचा चेहरा पांढराफटक. काका योगायोगाने घरात होते. ते कप उचलून गॅलरीत निघून गेले.

आजीने चष्मा काढला. “असं कोण म्हणालं? तू की त्या?”

“त्या,” मावशी म्हणाली.

“मग वीस वर्षं खाल्लीत कशाला, विचार त्यांना.”

मावशीने विचारलं. आता लपवायचं तरी काय उरलं होतं? सासूबाई ताठ बसल्या आणि म्हणाल्या, “तुमची लेक म्हणाली, तुम्ही ती माझ्यासाठी लांबून शोधून आणता!”

“मी कुठली शोधतेय? स्टँडवर मिळतात म्हणून घेते,” आजी म्हणाली. “आणि तुमचा सोफा! त्यावर बसले की माझी कंबर दोन दिवस धरते.”

“मग पहिल्याच दिवशी बोलायचं ना! मलाही आवडत नाही तो. तुम्हाला आवडतो म्हणून मी बदलला नाही!”

मावशी भराभरा इकडून तिकडे करत होती. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एकदा तर ती सासूबाईंकडे वळून आजीच्याच भाषेत बोलली आणि परत फिरली. भात निघाला, आजीचं घोरणं निघालं, लग्नात सासूबाईंनी नेसलेली हिरवी साडी निघाली. सगळ्या उखाळ्यापाखाळ्या काढून झाल्यावर दोघी दमून पाणी प्यायल्या. कप उचलायला उठलेली मी ट्रे हातात घेऊन भिंतीशी उभीच होते. मला वाटलं, संपलं आता, आजी पिशवी भरणार.

सासूबाई आजीकडे टक लावून बघत होत्या. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. “अगं, या बाईला तोंड आहे!” त्या मावशीला म्हणाल्या. “मला वाटलं होतं, माझ्या नशिबी मुकी विहीण आली.”

मावशीने भाषांतर केलं आणि आजीही हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग दोघींचा मोर्चा मावशीकडे वळला. इतकी वर्षं आम्हाला काय सांगत होतीस? मावशीने कबूल केलं, दोन्ही भाषांत, एकदा “अगं आई” म्हणून आणि एकदा “अहो आई” म्हणून. मला भीती वाटायची, ती म्हणाली, तुम्ही भांडाल आणि मग येणंजाणं तुटेल.

सासूबाईंनी तिच्या चपट्या झालेल्या केसांवरून हात फिरवला. “वेडी आहेस. माझे यजमान गेले, यांचेही गेले. लेकरं आमच्याशी जपून बोलतात. आता आमच्याशी भांडणार कोण? एक होती, तिचं तोंड तू बांधून ठेवलंस.”

हे आजीला सांगताना मात्र मावशीचा आवाज नियमाबाहेर जरा कापला.

तेव्हापासून आजीचं येणं वाढलं. तीन-चार दिवसांसाठी यायची ती महिनाभर राहायला लागली. सोफा विकून टाकला, गुबगुबीत नवा आणला, आणि तो फारच मऊ आहे, उठताच येत नाही, यावर दोघींचं एकमत झालं. मावशी घरी नसली की त्यांची अडचण व्हायची, म्हणून त्या एकमेकींचे शब्द शिकल्या. सुरुवात अर्थातच शेलक्या शब्दांपासून. आजी आता सासूबाईंच्या भाषेत ‘खवट’, ‘हट्टी’ आणि ‘पत्ते लपवू नको’ हे अस्खलित म्हणते. बाकीचं हातवाऱ्यांवर.

मावशीचंही बरं चाललंय. छडी निवृत्त झाली आणि नव्या लोकांना शिकवायचं काम मावशीकडे आलं. ती त्यांना घरमालकाचाच फोन लावून देते आणि कुणी गोड बोललं की आतल्या आत खूश होते, पण चेहऱ्यावर दाखवत नाही.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले तर आतून जोरजोरात आवाज येत होते. दोघी पलंगाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. आजी आपल्या भाषेत, सासूबाई त्यांच्या, दोघी एकाच वेळी. मावशी पाय वर घेऊन, डोळे मिटून खुर्चीत पडली होती.

“काय झालं?” मी विचारलं. “तू मधे का नाही पडत?”

“आज माझी सुट्टी आहे,” मावशी डोळे न उघडता म्हणाली. “एकीला खिडकी उघडी हवीय, एकीला बंद. होईल त्यांचं.”

थोड्या वेळाने सासूबाई उठल्या, खिडकी अर्धी लोटली आणि परत येऊन बसल्या. आजीने पायांवरची शाल ओढून दोघींच्या अंगावर सारखी केली आणि पत्ते पिसायला घेतले. मावशीला एव्हाना झोप लागली होती.